शेषरावकाका पडद्यावर येण्यापूर्वी

शुक्रवार, १८ एप्रिल. कामरगाव.

आजपासून रोजनिशीचे पुनरुज्जीवन. यापूर्वीची शेवटची नोंद सहा वर्षांपूर्वीची असून ती देहभार कमी करण्याच्या संकल्पाविषयी आहे. तिचे वाचन टाळले.

निमित्त भव्य आहे. विहार समितीचे अध्यक्ष राजपाल सकाळी घरी आले आणि म्हणाले, “सर, बुद्धपौर्णिमेले खीर त दरसालच वाटतो आपन. औंदा पडद्यावर कायतरी दाखवू. दिवाळीत तुमी देवमनबाबाचं अन् शेषरावबाबाचं शूटिंग केलं होतं ना? तेच लावा दहा मिनिटं.”

“तेच लावा!” जणू तो कालचा भात आहे. मी मंद स्मित करून सांगितले की, दहा मिनिटांची चित्रफीत नव्हे, संपूर्ण अनुबोधपट सादर होईल. त्यास शीर्षक असेल, ते त्रिमितीय असेल, सुवर्णवर्णी असेल आणि फिरेल. राजपाल म्हणाले, “तुमाले जसं वाटते तसं करा, पन पौर्णिमेले करा.” समित्यांना कलेतील केवळ तारीख कळते.

विषयाची थोरवी स्वतःपुरती नोंदवितो. माझे वडील देवमन सरकटे आणि त्यांचे बालमित्र शेषरावकाका हे छप्पन साली आपापल्या वडिलांचे बोट धरून दीक्षेसाठी नागपूरला गेले होते. त्या जनसागरात दोघांपैकी एक हरवला. कोण, हा वाद पुढे जन्मभर चालला. बाबा म्हणत, शेषराव हरवला, मी शोधला. काका म्हणत, देवमन हरवला, मी शोधला. दिवाळीच्या सुट्टीत मी दोघांचे मोबाईलवर चित्रण केले. बाबांची बाजू झाली, बाबा चहाला दूध आणावयास गेले, आणि त्यांची पाठ फिरताच काका मला म्हणाले, “सर, आता खरं सांगून टाकतो.” मी प्रास्ताविकाचे दोन शब्द बोलून त्यांना वाट मोकळी करून दिली.

फेब्रुवारीत काका गेले. त्यांनी काय सांगितले, हे बाबांना ठाऊक नाही. मलाही नीट स्मरत नाही, कारण काका बोलत असता मी मनात समारोपाच्या वाक्याची जुळणी करीत होतो. परंतु कॅमेरा ऐकत होता. यंत्रयुगाचे हे उपकार.

बाबांना सांगितले, काका पौर्णिमेला पडद्यावर दिसतील. बाबांनी समोरची भिंत वरपासून खालपर्यंत पाहून घेतली. मग म्हणाले, “मोठा दिसन काय?”

संकल्प: तीन दिवस शीर्षकाला, उर्वरित सर्व चित्रणाला. प्रथम मुख, नंतर देह. जन्माचाही हाच क्रम आहे.

रविवार, २० एप्रिल

आमच्या संगणकाने आजवर सौभाग्यवतींच्या शाळेच्या ऑनलाइन माहित्या भरण्यापलीकडे काही पाहिलेले नव्हते. आज त्याचे भाग्य उजळले. कारंज्याचे संगणकविक्रेते हरीओम यांच्याकडून ग्राफिक्स कार्ड आणून बसविले. कार्ड पूर्वाश्रमीचे आहे. “गेमवाल्याचं होतं सर, पन हलक्या हातानं खेये तो,” असे हरीओम यांनी शपथेवर सांगितले. कार्डाला ड्रायव्हर लागतो, अशीही माहिती त्यांनी पुरविली. मी त्याचे नामकरण चित्रसारथी असे केले. हरीओम म्हणाले, “नाव कायबी ठेवा, पन अपडेट करत जा.”

दुपारी प्रथम दर्शन. मध्यभागी चोवीस आऱ्यांचे धम्मचक्र. त्यापुढे सुवर्णाक्षरे: संकल्पना, संशोधन, संहिता, दिग्दर्शन व निवेदन, प्रा. संघपाल देवमन सरकटे. अक्षरे वळू लागली. ‘प्रा.’वर प्रकाशाची तिरीप आली मात्र, आणि पडदा काळा झाला.

दारातून बाबांनी विचारले, “शेषराव दिसते काय?”

अद्याप नाही, असे सांगितले.

“मंग आतापावतर कोन दिसून राह्यलं होतं?”

दार लोटून घेतले.

मंगळवार, २२ एप्रिल

पडदा काळा होतो, पुन्हा उजळतो, आणि कोपऱ्यात संगणक इंग्रजीत निवेदन करतो की, चित्रसारथीने प्रतिसाद देणे थांबविले होते, परंतु आता तो सावरला आहे. वाक्य सुंदर आहे. दिवसातून इतक्या वेळा सावरणारा प्राणी मी अन्यत्र पाहिलेला नाही. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाचे लिपिकसुद्धा वर्षातून एकदाच सावरतात, तेही तपासणीच्या आठवड्यात.

नवा सारथी आंतरजालावरून उतरवून घेतला. मोबाईलचा दिवसभराचा डेटा त्याने एकट्याने भक्षण केला. फलश्रुती: सुवर्णाक्षरे जांभळी झाली. जुना सारथी परत आणला. त्याने सुवर्ण परत दिले, पण आता धम्मचक्र चार अंगुळे फिरते, थबकते, पुन्हा फिरते, जणू वाटेत कोणी हात दाखवीत आहे.

जेवताना घरच्यांना सारथ्याचे कार्य समजावून सांगितले. बाबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “आपल्या जीपचा ड्रायव्हर पंधरा जनं आतमंधी कोंबते, पाच मांगं लटकवते, अन् कारंज्याले नेऊन टाकते. याले एकटा शेषराव नेनं होत नाही?”

सौभाग्यवती मंजुषा ताटात पाहून हसली. तिच्या खांद्यांवरून कळते.

संकल्प: क्रोध वर्ज्य. सम्यक् वाचा.

बुधवार, २३ एप्रिल

सम्यक् वाचा भंगली. शब्द लिहून ठेवण्यासारखे नाहीत. शेजारच्यांनी ऐकले असल्यास ते मी कोणत्यातरी ग्रंथातून उद्धृत करीत होतो, असे सांगावे.

गुरुवार, २४ एप्रिल

लिलाबाई आल्या. शेषरावकाकांच्या पत्नी. पदराखाली कुरडयांचा डबा. डबा माझ्या हाती दिला आणि संगणकाकडे पाहत उभ्या राहिल्या, रुग्णालयात काचेपलीकडे पाहावे तशा.

“याच्यातच हायेत काय ते?”

मी सांगितले की ते सध्या मोबाईलमध्ये आहेत, पुढे यात येतील, आणि मग पडद्यावर.

“मंग मोबाईलातच दाखवा ना जरासक.”

मी समजावले: कच्चे चित्रण दाखविणे म्हणजे कणीक वाढून पोळी म्हणणे. प्रथमदर्शन एकदाच होते. ते शीर्षकासह, संगीतासह, सर्वांसमवेत व्हावे.

लिलाबाई म्हणाल्या, “मले कच्चंच दाखवा, सर. मी काय परीक्षेले बसली?”

नम्रपणे नकार दिला. कलावंताला कठोर व्हावे लागते. लिलाबाई जाताना म्हणाल्या, “आवाज आला पायजे बा. तोंड त फोटोत दिसते. आवाजच आठवत नाही आता धड.”

कुरडया उत्कृष्ट होत्या.

शनिवार, २६ एप्रिल

हरीओम स्वतः आले. ज्यांना एकच औषध ठाऊक असते, त्यांच्या आत्मविश्वासाचे मला नेहमी आकर्षण वाटते. यंत्राकडे न पाहताच म्हणाले, “फॉर्मॅट मारू.”

मी निदान विचारले.

“निदानगिदान काई नाही सर. फॉर्मॅट मारलं का समदं नवंकोरं.”

“आणि माझे शीर्षक?”

“ते जाते.”

“चित्रण?”

“कुठी हाय?”

“मोबाईलमध्ये.”

“मंग कायची चिंता? मोबाईलले म्या हात नाही लावत.”

फॉर्मॅट झाले. आठवड्याचे शीर्षक शून्यात विलीन. अनित्यतेचा सिद्धांत मी अकरावीच्या मुलांना उदाहरणांसह शिकवितो; यापुढे उदाहरण शोधावे लागणार नाही. हरीओम यांनी दोनदा चहा घेतला, उरलेल्या कुरडया संपविल्या, आणि ते चपला घालीत असतानाच पडदा काळा झाला. त्यांनी दारातूनच मान वळवून पाहिले. “आता हे तुमच्या लाइनीचं हाय,” म्हणाले, आणि मोटारसायकलला किक मारली.

मंजुषा म्हणाली, “मोबाईलातलं एकडाव पाहून त घ्या, नीट आलं का नाही.” मी सांगितले, त्याची आवश्यकता नाही. ते चित्रण मी स्वतः केलेले आहे.

सोमवार, २८ एप्रिल

युरेका, किंवा आपल्या परंपरेत जे काही म्हणत असतील ते. संगणकाच्या डब्यावर हात ठेवला तो क्षणात उचलावा लागला. व्याधी उष्णतेची आहे. बाहेर अशी लाही की कावळ्यांनी बोलणे सोडले आहे, आणि आत हा सारथी सहस्र सूर्य ओढतो आहे. त्याला मूर्च्छा येणारच! यात त्याचा दोष नाही, हे त्याला उद्देशून बोलूनही दाखविले.

उपाय सिद्ध आहे. घरात एकच कूलर; तो बाबांच्या बाजेशेजारच्या खिडकीत. तो काढून संगणकासमोर बसविला. टाकीत बोअरचे पाणी भरले, गवत भिजविले, वारा थेट यंत्राच्या मुखावर सोडला. बाबांची बाज अंगणातल्या निंबाखाली नेली. निंबाची छाया आरोग्यदायी मानली आहे.

मंजुषा शाळेतून आली आणि उंबऱ्यातच थांबली. “बाप झाडाखाली अन् डब्बा कूलरम्होरं! लोकायले काय सांगू मी?”

लोकांस सांग, कलेसाठी.

“कलेले घाम येते काय?”

येतो. डब्याला हात लावून पाहा.

तिने हात लावला नाही. ती बाबांकडे वळली, पण बाबाच बाजेवरून म्हणाले, “राहू दे, मंजुषा. शेषराव येऊन राह्यला त थंडाईत येऊ दे. त्याले कवाच सोसत नव्हती गरमी.”

मंगळवार, २९ एप्रिल

विजय! शीर्षक आरंभापासून अंतापर्यंत अखंड फिरले. चोवीसही आरे. ‘प्रा.’वरची तिरीप ‘सरकटे’पर्यंत विनाविघ्न पोहोचली. मी उभा राहिलो. घरात अन्य कोणी उभे राहिले नाही, परंतु घरात अन्य कोणी नव्हते.

राजपाल यांना पाचारण केले. कूलरसमोर बसून त्यांनी शीर्षक पाहिले, मन लावून पाहिले. “लय भारी, सर. नाव लय मस्त फिरते.” थोडे थांबून, “अन् पिच्चर?”

पिच्चर आता वेळेचा प्रश्न आहे. उद्यापासून चित्रण.

बुधवार, ३० एप्रिल

‘सरकटे’मधील ‘र’ किंचित निस्तेज वाटला. दिवस त्यावर गेला.

शुक्रवार, २ मे

अक्षरांवर शुभ्र ठिपके. मग आडव्या रेषा. मग काळोख. कूलर चालू असताना हे घडले, त्यामुळे उष्णतेचा प्रश्नच उद्भवत नाही. सारथी, आणि सारथीच.

आंतरजालावरील एका चर्चापीठावर फिनलंडमधील एका सद्गृहस्थाचे दुःख वाचले. माझ्याच दुःखाचे भाषांतर. त्याने सर्व नवे सारथी टाकून दोन वर्षांपूर्वीचा एक स्वीकारला आणि तो सुखी झाला. तोच बसविला. फिनलंडचे सुख कामरगावात लागू पडले नाही.

कार्डाच्या कंपनीस इंग्रजीत पत्र लिहिले. ते भावी पिढ्यांनी अभ्यासावे असे उतरले. क्षणार्धात उत्तर आले. इतक्या त्वरेने कोणी माझे लेखन आजवर वाचलेले नाही. उत्तरात म्हटले होते, कृपया आपला ड्रायव्हर अद्ययावत आहे का, ते तपासावे.

रविवार, ४ मे

आज डब्याचे झाकण उघडले. कार्डाच्या पंख्यावर पांढरी पुटे, आमच्या पाणी तापविण्याच्या भांड्याच्या बुडाला धरतात तशी. खालच्या बाजूस जलबिंदू. हरीओम यांना दूरध्वनी केला. त्यांनी सविस्तर ऐकले, आणि कूलरचा उल्लेख येताच म्हणाले, “कूलरम्होरं ठेवला? सर, मंग वाऱ्यानं कायले वाळवता, पिळून दोरीवर टाका ना.” त्यांच्या मते खारे पाणी तुषाररूपाने आत शिरले. माझ्या मते जलबिंदू हे लक्षण आहे, कारण नव्हे.

दुपारी बाबांना ऊन लागले.

निंबाची छाया दुपारी सरकते, हे मी लक्षात घेतले नव्हते. बाबा बाजेवर, बाज उन्हात. मंजुषाने कांद्याचा रस लावला, पन्हे पाजले, डॉक्टरांना बोलाविले. सलाईन लावले. कूलर बाबांकडे परत देण्याचा निर्णय मी तत्काळ घेतला. निर्णय घेतला तेव्हा कूलर तेथे पोहोचलेला होता. मंजुषाने एकटीने उचलून नेला. रिकामा नव्हे, पाण्यासकट. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा तिचे शब्द फार लांब जातात.

संध्याकाळी बाबा थोडे उठून बसले. हातावर पट्टी. “संघपाल, पौर्णिमा कवा हाय?”

सोमवारी, म्हटले. पुढल्या.

“मंग राह्यतो.”

त्यानंतर बराच वेळ मी टाकीत पाणी ओतत बसलो. टाकी भरलेलीच होती.

मंगळवार, ६ मे

नवी व्यवस्था: खिडकीत कूलर, त्याच्या वाऱ्यात बाबा, आणि बाबांच्या पायांपलीकडे, वारा कोरडा होऊन पोहोचेल अशा अंतरावर, संगणक. बाबांनी मान उचलून पाहिले. “आता हे बी आपल्याच खोलीत निजते काय?”

ही व्यवस्था शास्त्रशुद्ध आहे. सारथी सकाळी सावरला, दुपारी पडला, सायंकाळी सावरला. बाबांचेही तसेच.

भार कमी करण्यासाठी चोवीस आऱ्यांचे आठ केले. तसेही धम्मचक्राला आठच शोभतात. चोवीस हा माझा उत्साह होता. मंजुषा दोन दिवसांनी प्रथमच बोलली: “मंग नावच काढा ना. वजन तेच हाय.”

तिला समजावले की चक्र लहान होऊ शकते, कारण ते प्रतीक आहे. नाव हे प्रतीक नाही.

गुरुवार, ८ मे

काळोख.

शुक्रवार, ९ मे

आरे चार. काळोख.

शनिवार, १० मे

चक्र काढून टाकले. संगीत काढले. सावल्या काढल्या. ‘संशोधन’ आणि ‘संहिता’ यांचाही त्याग केला, अंतःकरण कठोर करून. आता केवळ नाव फिरते, तेही अर्ध्यावर थबकते. चित्रणाला अद्याप हात लागलेला नाही, ही वस्तुस्थिती आहे. परंतु शीर्षकावाचून चित्रण लावणे म्हणजे मस्तकावाचून देह सभेत पाठविणे.

लिलाबाई दारावरून गेल्या. आत आल्या नाहीत. बाहेरूनच बाबांना विचारले, “भाऊ, निघाले काय ते त्या डब्ब्यातून?” बाबा म्हणाले, “वयनी, निघन. पोरगा लागलाच हाय मांगं.”

मी दाराच्या पडद्याआड होतो. काही लिहावेसे वाटत नाही.

रविवार, ११ मे

उद्या पौर्णिमा. आज मी यंत्रापुढे हात जोडले. विवेकवादी मनुष्याने असे करू नये, म्हणून बसून न जोडता उभ्याने जोडले. लाभ झाला नाही. मग शिव्या दिल्या. त्यानेही झाला नाही. मग कूलर बंद केला, चालू केला, कार्ड काढले, पुसले, बसविले, फिनलंडचा सारथी काढला, पहिला बसविला, आणि भिंतीला टेकून बसलो. बाबांनी बाजेवरून हात खाली सोडला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. सलाईनची पट्टी अद्याप होती. “जाऊ दे बा,” म्हणाले. “नाही दिसला त नाही दिसला. म्या सांगन लोकायले.”

मी म्हटले, दिसतील. दिसलेच पाहिजेत.

सायंकाळी नाव एकदा पूर्ण फिरले.

निर्णय: संगणक विहारात न्यायचा. शीर्षक लावायचे आणि ते संपताच मोबाईल जोडून चित्रण सलग, अखंड, जसे आहे तसे दाखवायचे. संकलनाने सत्य कापले जाते. हे मत माझे आजच बनले आहे, परंतु ते दृढ आहे.

सोमवार, १२ मे. बुद्धपौर्णिमा.

घरी परतून लिहीत आहे. क्रमाने लिहितो, अन्यथा लिहवणार नाही.

त्रिशरण, पंचशील, मग खिरीचे वाटप. भिंतीवर पांढरी चादर, महाविद्यालयाचा प्रोजेक्टर, खुर्चीवर संगणक. पहिल्या रांगेत बाबा. राजपाल यांनी त्यांना मोटारीतून आणले. शेजारी लिलाबाई, नवे लुगडे. राजपाल यांनी घोषणा केली आणि म्हणाले, “सर, करा चालू.”

कळ दाबली. काळोख.

मी म्हटले, पाच मिनिटे. पुन्हा आरंभ केला. काळोख. पुन्हा पाच मिनिटे म्हटले. ही पाच मिनिटे मी किती वेळा म्हटली, ते राजपाल यांना विचारावे; ते घड्याळाकडेच पाहत होते. चादरीवर प्रोजेक्टरचा रिकामा निळा उजेड. पोरांनी त्यात हात घालून ससा केला, मग हरीण, मग एकाने बोलणारे बदक केले. सभेने टाळ्या दिल्या. माझ्या अनुबोधपटाला मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या.

मग बाबा काठी टेकून उठले.

“पडदा चालू होईपावतर म्या सांगतो,” म्हणाले. पोरे बसली. बाबांनी कारंज्याची छोटी रेल्वेगाडी सांगितली, डब्यातली दाटी सांगितली, गठुड्यातली भाकर सांगितली. नागपुरात पोहोचले आणि तेथून ते एकटे राहिले नाहीत, स्वतःच्या आवाजात म्हणत, “शेषराव हरवला,” आणि लगेच घसा खाकरून, शब्द ओढत, काकांच्या आवाजात उत्तर देत, “हट्, म्या कायचा हरवतो? तूच रडत होता पान्याच्या टाकीपाशी!” दोन्ही बाजू एकटेच लढविल्या. सभा हसून लोळत होती. लिलाबाईंनी तोंडाला पदर लावला होता. “अस्सेच खाकरत,” त्या शेजारणीला म्हणत होत्या. “अस्सेच.”

मी केबल काढत होतो, लावत होतो. वर पाहिले नाही. ऐकत मात्र होतो.

शेवटी बाबा म्हणाले, “खरं काय होतं ते शेषराव सांगून गेला हाय, माह्या पोराच्या मोबाईलात. मले नाही मालूम. पन एक सांगतो बाप्पा. एवढ्या गर्दीत दोन पोट्टे हातातून हात सुटून दोहीकडे झाले, त त्याच्यात हरवला कोन, हे ठरवाचं कसं? त्याले मी सापडत नव्हतो, मले तो. आता बी...”

नेमके येथे चित्रसारथी सावरला.

नाव आले. सुवर्णवर्णी, त्रिमितीय, भिंतभर. बाबा चादरीपुढेच उभे होते. ‘प्रा.’ त्यांच्या कपाळावर, ‘संघपाल’ तोंडावर, आणि अक्षरे संथपणे फिरत त्यांच्या डोळ्यांवरून जात होती. बाबांनी डोळे मिटून घेतले. सभेत कोणी हसले नाही.

लिलाबाई म्हणाल्या, “सर, ते बंद करा वो. भाऊच्या तोंडावर तुमचं नाव पडून राह्यलं.”

बंद करावयास गेलो. बंद होईना. तीन आठवड्यांत जो सारथी क्षणभर टिकला नाही, तो आज थांबेना. अखेर भिंतीतली वायर उपटली.

त्यानंतर मोबाईल जोडण्याचा प्रश्न उरला नाही. लोक बाबांभोवती जमले होते.

मंगळवार, १३ मे

सकाळी बाबा म्हणाले, “आता मोबाईलातच दाखव.” लिलाबाई आधीच येऊन बाजेच्या कडेला बसल्या होत्या. मंजुषाने चहा आणला आणि तीही उभी राहिली. शीर्षक नाही, संगीत नाही. लावले.

काका आमच्या ओसरीवर बसलेले आहेत. गळ्यात निळा दुपट्टा. कॅमेऱ्याकडे पाहून म्हणतात, “सर, आता खरं सांगून टाकतो.”

मग माझा आवाज येतो. मी दीक्षेचे ऐतिहासिक महत्त्व विशद करतो. मी मौखिक इतिहासाची संकल्पना स्पष्ट करतो. मी माझ्या एका प्रकाशित लेखाचा उल्लेख करतो. काका मान हलवितात. काका माशी वारतात. काका तोंड उघडतात; मी म्हणतो, ‘तत्पूर्वी’. काका तोंड मिटतात. दुपट्टा नीट करतात, दाराकडे पाहतात, बाबा दूध घेऊन आले का म्हणून. माझा आवाज चालूच आहे. मंजुषा केव्हा आत गेली, कळले नाही.

बऱ्याच वेळाने मी थांबतो. काका म्हणतात, “झालं काय, सर? मंग सांगू का आता?” आणि हसून पुढे सरकतात.

चित्रण येथे संपते. मोबाईलची जागा संपली होती.

लिलाबाई म्हणाल्या, “पुढं?”

मी पुढे नसल्याचे सांगितले. काका त्या दिवशी बोलले होते, हे नक्की. मी समोर होतो.

कूलर चालू होता. मग बाबांनी मोबाईल माझ्या हातून घेतला, लिलाबाईंच्या आणि स्वतःच्या मध्ये धरला, आणि म्हणाले, “पुन्हा लाव. अन् तुहा आवाज बंद कर.”

बंद केला.